ओहोटी सकाळी दहा ते बारा

दारव्ह्याहून समुद्राकडे जायचं म्हणजे आधी छोटी गाडी, मग मूर्तिजापूरला मोठी गाडी, मग एसटी, असे दोन दिवस मोडत. तरीही गावातलं कुणी तिकडे निघालं की आधी आमच्या ओट्यावर येई, बाबांना विचारायला. माझे बाबा मुलींच्या शाळेत बाबू होते, म्हणजे कारकून, आणि वयाची चाळिशी उलटून गेली तरी त्यांनी अकोल्यापलीकडचं काही पाहिलेलं नव्हतं. यात हसण्यासारखं काही आहे हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी मला वाटे, ज्याला सगळं माहीत आहे त्याला जायची गरजच काय. गावालाही तसंच वाटत असावं. ‘मानकरबाबूंना विचारा’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की शाळेत नव्या बाई आल्या आणि त्यांनी ‘तू मानकरबाबूंची का?’ असं विचारलं की माझी मान आपोआप ताठ होई. आमच्याकडे ताठ मान करण्यासारखं दुसरं फारसं काही नव्हतं.

त्यांची एक लांब वही होती. शाळेच्या जुन्या रजिस्टरची उरलेली कोरी पानं शिवून त्यांनी ती केली होती, आणि वर टाकाच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘विनामूल्य स्थळदर्शन : समुद्रकिनारा व परिसर’. आत रकाने. स्थळ, वेळ, अंतर, शेरा. ज्या ठिकाणी तिकीट लागतं ते ठिकाण वहीत नाही, हा नियम. मुंबई होती, अलिबाग होतं, आणि अलिबागच्या पानावर किनारा, आंग्र्यांच्या समाध्या, देवळं, एक जुना तलाव आणि समुद्रातला किल्ला. ही सगळी माहिती बाबांनी जाऊन आलेल्यांकडून काढलेली. ट्रेझरीत कुणी कोकणातून बदलून आलं, कुणाच्या जावयाची तिकडे नोकरी लागली, की बाबा रविवारी त्यांच्याकडे जात आणि साक्ष घ्यावी तशी माहिती घेत. दरवाजा कोणत्या दिशेला, सावली किती वाजेपर्यंत, बसायला दगड आहे की बाक. किल्ल्याची माहिती त्यांना एसटी डेपोतल्या ढोलेकाकांनी दिली होती. ढोलेकाका एकदा अलिबागला गेले होते, आणि समुद्राचं पाणी मागे हटल्यावर चालत किल्ल्यात जाऊन आले होते. वहीत नोंद अशी होती : ‘समुद्रातील किल्ला. ओहोटी स. १० ते १२. पायी. शेरा : चपला हातात घ्याव्या.’ एकाचा जन्म एसटीच्या वेळापत्रकात गेलेला, दुसऱ्याचा शाळेच्या. समुद्रालाही वेळापत्रक असणार यात दोघांनाही काही वावगं वाटलं नाही.

माझी नात हल्ली मोबाईल माझ्या नाकासमोर धरून दाखवते, अमुक शहरात फुकट करण्यासारख्या इतक्या गोष्टी, तमुक शहरात तितक्या. मी बरं म्हणते. मला आता या तिसऱ्या मजल्यावरून भाजीला उतरायचं म्हटलं तरी आधी गुडघ्यांची समजूत काढावी लागते, आणि फुकट या शब्दाचा तर मला तेव्हापासूनच कंटाळा आहे. कारण बाबांचा सल्ला फुकट असला तरी ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला चहा लागे, आणि तो आई करत असे. संध्याकाळी कापसाच्या जिनिंगचा भोंगा झाला की बाजारातून, कचेरीतून सुटलेली माणसं एकेक करून येत. आत चुलीवर पातोडीचा रस्सा रटरटत असे, मसाल्याच्या वासानं सगळं घर खोकत असे, आणि मध्येच बाबांचा आवाज येई, “आयकलं का, चार कप.” आई रस्सा उतरवी, चहा ठेवी. तोवर भाकरीचं पीठ वाळे. पुन्हा हात लावी, तर आणखी दोन कप. ती कधी चिडत नसे. नुसती थकत असे. संध्याकाळी सातला तिच्या तोंडावर जो थकवा असे तो मी पुढे पन्नाशीत आरशात पाहिला आणि ओळखला.

एकदा देशमुखकाका आले. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर, बाहेर कापसाची आणि तुरीची शेती. बाबांची वही उतरवून घेऊन ते कुटुंबासह गेले होते, आणि परत आल्यावर सांगत होते, “बाकी सारं झकास झालं बाबू, पण थो किल्ला राह्यला. दहा वाजता गेलतो तं तिथं पाणीच पाणी.” बाबांनी क्षणभर वहीकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुम्ही पोचाले उशीर केला असंल.” देशमुखकाका म्हणाले, नाही, बरोबर दहाला होतो. बाबा म्हणाले, “मंग घड्याळ मागं असंल.” सगळे हसले. देशमुखकाकाही हसले आणि मनगटावरचं घड्याळ कानाला लावून पाहू लागले. मी दाराशी उभी होते. बाबांना त्या वेळी शंका आली होती हे मला दिसलं, आणि त्यांनी ती बाजूला सारली हेही दिसलं. त्या दिवसापासून माझ्या मनात त्यांच्याविषयी एक बारीकशी अढी बसली. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्षाला होते. त्या वयात मुली बापाला सहज माफ करत नाहीत.

त्या दिवाळीत आईनं विषय काढला. लाडू वळता वळता, अगदी साध्या आवाजात. “इतक्या लोकायले तुम्ही समुद्र दाखवला. मले कधी दाखवता?” बाबा म्हणाले, पाहू. आई म्हणाली, “पाहू नाही. या सुट्टीत. मले किल्ला नाही पायजे, देऊळ नाही पायजे. मले तिथं बसाचं आहे घडीभर. कोणी उठवाले नाही पायजे.” आईनं काही मागितल्याचं मी त्याआधी ऐकलेलं नव्हतं. बाबांनीही ऐकलेलं नसावं, कारण ते दोन दिवस घरात पाहुण्यासारखे वागले आणि तिसऱ्या दिवशी रजेचा अर्ज लिहायला बसले.

पौर्णिमा करून आम्ही निघालो. आई, बाबा, मी आणि माझी आठ वर्षांची धाकटी बहीण बेबी. आईनं दिवाळीचा उरलेला चिवडा आणि चकल्या बांधल्या, दशम्या केल्या, तिखट पुऱ्या केल्या, तिळाची चटणी कुटली, शिवाय स्टोव्ह घेतला, कारण धर्मशाळेत स्वयंपाक करता येतो असं वहीत होतं. म्हणजे सहल आमची होती, आईची नुसती जागा बदलली होती. छोटी गाडी इतकी सावकाश चाले की बाहेर कपाशीच्या रानात वेचणाऱ्या बाया आमच्याशी चार वाक्यं बोलून होईपर्यंत तिथेच असत. मूर्तिजापूरला मोठी गाडी, दुसऱ्या दिवशी कल्याणला उतरून पनवेलची एसटी, मग अलिबागची. पोचलो तेव्हा अंधार पडला होता. समुद्र दिसला नाही, नुसता ऐकू आला. आई धर्मशाळेच्या ओसरीवर उभी राहून ऐकत होती. मग बेबीला भूक लागली आणि तिनं स्टोव्ह पेटवला.

सकाळी बाबांनी वही काढली. आठ ते नऊ समाध्या, नऊ ते पावणेदहा देवळं, दहाला किल्ला. आई म्हणाली, आधी किनाऱ्यावर बसू. बाबा म्हणाले, “बसणं कधी बी होते. ओहोटी दहालेच आहे. बारापरेंत किल्ला करू, मंग तू बस दिवसभर.” समाध्यांपाशी बाबा आम्हाला वहीतली माहिती वाचून दाखवत होते आणि मध्येच मान वर करून समोरचा दगड वहीशी जुळतो का ते पाहत होते. जुळला की खूश होत. खोटं कशाला सांगू, मलाही त्यांचा अभिमान वाटत होता. न पाहिलेल्या गावातून ते एकदाही कुणाला रस्ता न विचारता आम्हाला नेत होते.

किनाऱ्यावर आलो तेव्हा दहाला पाच मिनिटं होती. समोर किल्ला, आणि मधल्या ओल्या वाळूवर पाण्याचा पातळ पडदा. आई थांबली. मीही थांबले. एवढं मोकळं काही असतं हे मला माहीत नव्हतं. पण बाबांनी चपला हातात घेतल्या होत्या. लोक किल्ल्याकडून परत येत होते, तिकडे जाणारे फक्त आम्हीच होतो. हे माझ्याही लक्षात आलं नाही. वाटेत टोपली घेतलेली एक कोळीण भेटली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय पोटऱ्यांपर्यंत ओले. ती म्हणाली, “दादा, भरती लागलीय. आता नका जाऊ. पानी चढतंय.” बाबा हसले. त्यांनी तिला वही दाखवली, अक्षरशः उघडून तिच्यासमोर धरली. म्हणाले, “ओहोटी बारापरेंत आहे बाई. लिहून आहे.” ती कोळीण वहीकडे पाहत राहिली, मग बाबांकडे, मग आईकडे. “तुमी कुठले?” तिनं विचारलं. बाबांनी अभिमानानं सांगितलं, यवतमाळ जिल्हा. ती टोपली सावरून निघून गेली. आई म्हणाली, “तिचे पाय पाहा, थे काही खोटं बोलून राह्यली नाही.” बाबा म्हणाले, “तिले घड्याळ समजत असंल काय?”

पाणी घोट्यापर्यंत होतं, मध्ये गुडघ्यापर्यंत आलं, बेबीला बाबांनी कडेवर घेतलं आणि आम्ही पोचलो. आत गणपतीचं देऊळ, गोड्या पाण्याची विहीर, तटबंदी. बाबांनी एकेक जागा वहीशी जुळवली. साडेअकराला आम्ही परत दरवाजाशी आलो तर वाळू नव्हती. मघाशी जिथून आलो तिथे पाणी तटाच्या पायथ्याला थडाथड आपटत होतं. पलीकडचा किनारा तेवढाच लांब होता, पण आता तिथे जायला वाट नव्हती. बाबांनी घड्याळ पाहिलं. मग वही पाहिली. मग पुन्हा घड्याळ. ते एक पायरी खाली उतरले, आणि लाटेनं त्यांचं धोतर मांडीपर्यंत भिजवलं, तेव्हा आईनं त्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं. मी आईला बाबांचा हात धरताना पहिल्यांदाच पाहिलं.

देवळाची झाडलोट करणारे एक म्हातारे गृहस्थ तिथे होते. त्यांना या प्रकाराचं काही नवल वाटलं नाही. त्यांनी आम्हाला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की आता सहा-साडेसहापर्यंत काही खरं नाही. बाबांनी त्यांना विचारलं, “पण ओहोटी तं दहा ते बारा असते ना?” म्हातारबाबा म्हणाले, “कोणत्या तिथीला?” बाबांना प्रश्न कळला नाही. मग त्या माणसानं त्यांना पोराला पाढा शिकवावा तसं शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, बारापासून तितके तास मोजायचे, तेव्हा भरती पूर्ण. आज वद्य तृतीया. तिनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे सव्वादोनला भरती, आणि ओहोटी त्याच्या सहा तास आधी, सव्वाआठला, होऊनही गेली. भरती-ओहोटी रोज पाऊण तास उशिरा होते. पंधरवड्यानं फिरून त्याच वेळेवर येते. बाबांनी ढोलेकाकांच्या नोंदीचं सांगितलं. “तुमचे ते ढोले षष्ठीला नाहीतर सप्तमीला आले असतील,” ते म्हणाले. “त्यांचं बरोबर होतं. त्या दिवसापुरतं.” बाबा ऐकत होते. एकदोनदा त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “म्हणजे रोज बदलते.”

ते सात तास मी पुष्कळदा आठवून पाहिले आहेत. बेबी विहिरीशी खेळत होती, नंतर झोपली. चकल्या होत्या, पाणी होतं, जिवाला धोका नव्हता. आई तटावर एका सपाट दगडावर बसली, समुद्राकडे तोंड करून, आणि उठलीच नाही. पाय पुढे पसरले होते. मी तिला पाय पसरून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. दुपारी मी तिच्याजवळ गेले तर ती म्हणाली, “आज कोणी चहा मांगून नाही राह्यलं.” आणि मग बऱ्याच वेळानं, “अशी बसली तं समजते, किती थकली होती मी.” मला रडू आलं. ते तिच्यासाठी होतं की भूक लागली होती म्हणून, आता सांगता येत नाही. बाबा मात्र दरवाजा आणि देऊळ यांच्यामध्ये येरझारा घालत होते. मी त्यांना म्हटलं, बसा ना. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, “जोशीबाईच्या पोरी येणार आहेत.”

तेव्हा मला आठवलं. आमच्या शाळेची आठवीची सहल याच ठिकाणी यायची होती. जोशीबाई चाळीस मुलींना घेऊन येणार, आणि त्यांच्याकडे बाबांनी स्वतःच्या हातानं उतरवून दिलेलं हेच पान. दहाला किल्ला. बाबांनी त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडून पंचांग मागून घेतलं आणि बोटानं रेघा मोजल्या. सहलीचा किल्ल्याचा दिवस मार्गशीर्ष शुद्ध तृतीया निघाला. म्हणजे आजच्यासारखंच पाणी, आजच्याच वेळी. आम्ही चौघं होतो आणि बेबी कडेवर होती. त्या चाळीस जणी, रांगेत, हातात चपला घेऊन, मधल्या पाण्यात. परत फिरताना साडेअकराला जर त्या दरवाज्याऐवजी वाळूच्या मध्यावर असत्या तर? बाबांनी हे मोठ्यानं म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला बरं वाटलं. वाटलं, आता हे जाऊन सांगतील.

पण आम्ही दारव्ह्याला परत आलो त्याच संध्याकाळी ओटा भरला. सगळ्यांना ऐकायचं होतं, स्वतः मानकरबाबू समुद्र पाहून आले होते ना. देशमुखकाका तर दुपारपासूनच घिरट्या घालत होते. “किल्ला पाह्यला काय?” त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, “पाह्यला.” “कसा आहे?” आणि बाबांनी सांगायला सुरुवात केली. तट किती उंच, विहिरीचं पाणी कसं गोड, दरवाज्यावरची नक्षी कशी. सगळं खरं. अडकून पडल्याचं मात्र एक अक्षर नाही. कुणीतरी विचारलं, “दहालेच गेलता ना?” बाबा म्हणाले, “हाव, दहालेच.” तेही खरंच होतं. आत मी कप भरत होते, चहा बशीत सांडला. आईनं बशी पुसली.

सहलीला दहा दिवस उरले होते. शाळा उघडली. मी रोज वाट पाहत होते. बाबा सकाळी आंघोळ करून भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभे राहत, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत आणि शाळेत जात. संध्याकाळी येत, ओट्यावर बसत. माणसं येत. वही त्यांनी काढली नाही, पण कुणी विचारलं तर तोंडी सांगत, आणि किल्ल्याचा विषय निघाला की दुसऱ्या कशाकडे वळत. तुरीचे सोले निघायला लागले होते, रोज संध्याकाळी शेंगा सोलताना मी आईला विचारी, “बाबा काहून सांगत नाहीत?” आई म्हणे, “सांगतीन थे.” एकदा मी फारच बोलले तेव्हा तिनं हातातली शेंग टाकली आणि म्हणाली, “मले आता भांडण नको शालू. मी थकली. तुले इचाराचं असंल तं त्यायलेच इचार.” मी विचारलं नाही. मी बाबांशी बोलणंच सोडलं होतं. ताट वाढून ठेवत असे, चहा नेऊन देत असे आणि तोंड फिरवत असे. त्यांनी एकदोनदा माझ्याकडे पाहिलं, पण कारण विचारलं नाही. मला वाटलं, हिंमत नाही म्हणून विचारत नाहीत.

आठवीच्या मुली मधल्या सुट्टीत सहलीचीच भाषा बोलत. कुणी नवा रुमाल आणला होता, कुणी शंखासाठी पिशवी शिवली होती. त्यांतली एक रोज माझ्याजवळ येऊन विचारी, ताई, पाणी खारट असते म्हणतात, खरंच काय? मी हो म्हणे आणि दुसरीकडे जाई. दहातले नऊ दिवस असे गेले. निघायच्या आदल्या दिवशी, सहाव्या तासाला, मी वर्गातून उठले आणि जोशीबाईंच्या खोलीत गेले. त्या मुलींच्या नावांची यादी तपासत होत्या. उंच, बारीक बाई, नागपूरच्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. मी दारातच सगळं बोलून टाकलं. की बाबांच्या कागदावरची वेळ चुकीची आहे, की आम्ही अडकलो होतो, की पाणी तिथीप्रमाणे बदलतं, की बाबांनी हे कुणाला सांगितलेलं नाही आणि ते सांगणारही नाहीत, म्हणून मी सांगते आहे. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“अगं, पण तुझे बाबा सांगून गेले ना,” त्या म्हणाल्या. “शाळा उघडली त्याच दिवशी, प्रार्थनेच्या आधी. सगळे शिक्षक बसलेले होते, हेडबाईंच्या समोर उभे राहून म्हणाले, मी आजवर समुद्र पाहिलेलाच नव्हता, सांगोवांगी लिहिलं होतं, ते फाडून टाका. नवा कागद त्यांनीच करून दिला. सकाळी साडेसातला आत, नऊच्या आधी बाहेर. आणि रोज येऊन विचारतात, बाई, वेळ लक्षात आहे ना म्हणून.” त्यांनी टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. बाबांचं वळणदार अक्षर, खाली सही. मी तो वाचल्यासारखं केलं. सहल गेली आणि सगळ्या मुली कोरड्या पायांनी नाही तरी सुखरूप परत आल्या, हेही इथेच सांगून टाकते, म्हणजे कुणाला त्यांची काळजी राहायला नको.

बाईंनी बाबांना सांगू नये असं मी म्हणायला हवं होतं. सुचलं नाही. त्यांनी तर कौतुकानंच सांगितलं असणार, तुमची मुलगीसुद्धा किती काळजी करते म्हणून. संध्याकाळी बाबा आले, मोरीवर पाय धुतले आणि ओट्यावर न जाता आत माझ्यासमोर येऊन बसले. आई बाजाराला गेली होती. सुपात शेंगा होत्या. त्यांनी मूठभर घेतल्या आणि सोलू लागले. त्यांना ते काम जमत नसे, दाणे इकडेतिकडे उडत.

“बाई म्हणत होत्या, तू गेलती,” ते म्हणाले.

मी मान हलवली.

“तुले वाटलं, मी नाही सांगणार.”

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते नुसते दमलेले दिसत होते, दिवसभर कुठेतरी उभं राहून आलेल्या माणसासारखे. उडालेले दाणे त्यांनी एकेक करून वेचले आणि सुपात टाकले. मग माझ्याकडे पाहून, अगदी हळू आवाजात, खरोखरच जाणून घ्यायचं आहे अशा आवाजात विचारलं, “पण तुले असं वाटत होतं, तं मंग नऊ दिवस तू काहून थांबली?”

बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. हा प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही. ओट्यावरची माणसंही पुढे कमी झाली. शाळेतली गोष्ट शाळेत थोडीच राहते, आणि ज्याची वहीच चुकीची निघाली त्याला कोण विचारणार? मला मात्र त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच संध्याकाळी माहीत होतं. चाळीस मुली पाण्यात जाणार असं मी धरून चालले होते, आणि तरी नऊ दिवस मी शाळेत मान ताठ ठेवून फिरत होते. मला मानकरबाबूंची मुलगी राहायचं होतं, होता होईल तितके दिवस. हे मी त्यांना सांगितलं नाही. आणखी एक शेंग उचलली आणि सोलत राहिले.